आम्ही न काढलेला बाण

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सेमिनारसाठी मी आणि माझ्या पार्टनरने केलेली पहिली स्लाईड मला अजून लख्ख आठवते. डावीकडे एक चौकोन, त्यात लिहिलेलं कचरा. मधोमध मोठा केशरी गोल, त्यात प्लाझ्मा. उजवीकडे दोन चौकोन, वीज आणि काच. डावीकडून उजवीकडे जाणारे तीन बाण, झालं. खाली ठळक अक्षरात एक ओळ, ‘कचऱ्याचा संपूर्ण नाश’. ती स्लाईड पडद्यावर आली तेव्हा माझा आवाज थरथरत होता, कारण मला खरंच वाटत होतं की जगातल्या एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर आपण आज या वर्गाला सांगतोय.

सर मागच्या बाकावर बसून शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “चित्र छान काढलंय. पण एक बाण राहिलाय.” कुठला ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “आठवडाभर घरातला कचरा मोज. ओला वेगळा, सुका वेगळा. मग ओला वाळव आणि परत मोज. त्यानंतर बोलू आपण.”

तो बाण मला सापडला, पण त्याला वेळ लागला. आणि शोधता शोधता या तंत्रज्ञानावरचं माझं प्रेम कमी झालं असं अजिबात नाही, फक्त ते कुठल्या कामासाठी आहे याबद्दलचं माझं मत पार बदललं. तेच सगळं आज सविस्तर लिहायचंय.

आधी प्लाझ्मा. लोखंडाच्या फाटकाचं वेल्डिंग चालू असताना काळ्या काचेतून तो निळसर पांढरा ठिपका ज्यांनी बघितलाय त्यांनी प्लाझ्मा बघितलाय. आकाशात वीज चमकते तो प्लाझ्मा, सूर्य अख्खा प्लाझ्माच. गॅस इतका तापला की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि मग तो गॅस वीज वाहून न्यायला लागतो, त्याला हे नाव १९२८ साली आयर्विंग लँगम्युअरने दिलं. दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या फटीतून वीज उडी मारते तो आर्क, आणि त्या आर्कमधून जोरात हवा किंवा नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडला की समोरून जी जळजळीत जीभ बाहेर येते ती प्लाझ्मा टॉर्च. आर्कच्या गाभ्यात तापमान ५ हजार ते १० हजार अंश सेल्सिअस, कधी त्याहून जास्त. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा आहे, म्हणजे पाण्याच्या पाइपांनी थंड ठेवलेल्या तांब्याच्या एका नळीतून माणूस सूर्यापेक्षा गरम झोत काढतो आणि ती नळी वितळत नाही, हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

याचा जन्म कचऱ्यासाठी झालेलाच नाही. १९६०च्या दशकात नासाला प्रश्न पडला होता की चंद्रावरून परत येणारं यान सेकंदाला ११ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसेल तेव्हा त्याच्या तळाशी लावलेली उष्णतारोधक ढाल टिकेल का? ते जमिनीवरच तपासायचं तर तेवढी आग कुठून आणायची? म्हणून मोठमोठे आर्क हीटर बांधले गेले, वेस्टिंगहाऊससारख्या कंपन्या त्यात होत्या. काम झाल्यावर तेच लोक विचार करायला लागले की एवढी आग आता आणखी कशाला वापरता येईल. नासाच्या कामातून आलेले साल्वाडोर कमाचो, नंतर जॉर्जिया टेकमधले लू सर्सिओ, यांनी कितीतरी वर्षं ही कल्पना उचलून धरली. १९८९मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डिफायन्स इथे जनरल मोटर्सच्या फाउंड्रीत भंगार लोखंड वितळवणाऱ्या भट्टीला प्लाझ्मा टॉर्च लागल्या. तिथून कचऱ्याची भट्टी फार लांब नव्हती.

आता भट्टीत काय होतं ते बघा, कारण बहुतेक ठिकाणी इथेच गोंधळ असतो. लोकांना वाटतं कचरा जळतो. पण जाळायला भरपूर ऑक्सिजन लागतो आणि इथे तो मुद्दाम कमी ठेवतात. कमी हवेत, प्रचंड उष्णतेत, कागद, प्लास्टिक, लाकूड, कापड यांचे लांबलचक रेणू तुटतात. कार्बनची पाण्याच्या वाफेशी गाठ पडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. या दोघांचं मिश्रण म्हणजे सिनगॅस, आणि तो जळतो, म्हणजे त्यावर इंजिन किंवा टर्बाईन चालवता येतं, किंवा त्यातून मिथेनॉलसारखी रसायनंही करता येतात. जे जळण्यासारखं नाही, माती, काच, विटांचे तुकडे, धातू, ते तळाला दीड हजार अंशांच्या पुढे वितळून साठतं. तळाला एक भोक असतं, ते उघडलं की आधी लाव्ह्यासारखा स्लॅग, म्हणजे वितळलेली माती-काच, वाहतो, थंड झाला की काळी चकचकीत काच. धातू जड म्हणून खाली वेगळा बसतो, तो वेगळा काढता येतो. वेस्टिंगहाऊसच्या डिझाइनमध्ये तळाला कोकचा, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाचा, थर असतो, टॉर्च त्या थरावर मारा करतात आणि कचरा वरून हळूहळू खाली सरकत येतो, सोबत थोडा चुनखडीचा दगड टाकतात म्हणजे स्लॅग पातळ होऊन नीट वाहतो. आमच्या स्लाईडवर कोकही नव्हता आणि चुनखडीही नव्हती, पण सर म्हणत होते तो बाण हा नव्हे.

साध्या भट्टीपेक्षा याचा खरा फायदा कुठे आहे तर डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाच्या बाबतीत. १९७६ साली इटलीत सेव्हेसो इथल्या रासायनिक कारखान्यातून जो विषारी ढग बाहेर पडला त्यात हेच होतं, तेव्हापासून हा शब्द सगळ्यांना माहीत झाला. क्लोरीन असलेला कचरा अर्धवट जळला की हे तयार होतं. म्हणून युरोपात नियम आहे की कचरा जाळताना धूर कमीत कमी ८५० अंशांवर किमान २ सेकंद राहिलाच पाहिजे, तेवढ्याने ते मोडतं. पण गंमत अशी की धूर थंड होताना साधारण ४५० ते २०० अंशांच्या मधे तेच डायॉक्सिन राखेच्या कणांवर पुन्हा बनू शकतं. प्लाझ्मा भट्टीत ऑक्सिजन कमी, वायूचं एकूण आकारमानही कमी, त्यामुळे तो वायू पाण्याने झपकन थंड करून या टप्प्यातून पटकन बाहेर काढणं सोपं जातं. हे काही जाहिरातीपुरतं नाही, हे केमिस्ट्रीत बसतं.

आता त्या ओळीकडे येते. संपूर्ण नाश.

या शब्दाने मला खूप वर्षं फसवलं. १० हजार अंश म्हणजे मोठं वाटतं ना, पण भौतिकशास्त्राच्या मापात ते प्रत्येक कणामागे साधारण १ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकीच ऊर्जा आहे. रेणूंमधले बंध तोडायला साधारण ३ ते ५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि गर्दीतले जास्त वेगाचे कण ते काम सहज करतात, त्यामुळे रेणू कुठलाही असो, टिकत नाही. पण अणूचा गाभा फोडायला लागतात लाखो इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे प्लाझ्मा रेणू मोडतो, अणूला हातही लावत नाही. कचऱ्यात पारा असेल तर तो पाराच राहतो, वाफ होऊन सिनगॅसबरोबर निघतो आणि त्याला सक्रिय कार्बनच्या थरात पकडावं लागतं. पीव्हीसीमधला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होतो, तो अल्कलीने धुतला की मीठ. गंधक हायड्रोजन सल्फाइड होतो. शिसं आणि कॅडमियमचा थोडा भाग काचेत अडकतो, थोडा उडून फिल्टरच्या धुळीत जातो, आणि ती धूळ परत धोकादायक कचराच. प्लास्टिकमधला कार्बन शेवटी सिनगॅस जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड होतो, १ किलो पॉलिथिनमागे ३ किलोहून जास्त. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या गणिताने हा आकडा कुणालाही काढता येईल. म्हणजे माहितीपत्रकात जिथे ‘शून्य उत्सर्जन’ लिहिलेलं असतं तिथे चिमणीचा विषय असतो, पुढे इंजिनमधून काय निघतं त्याचा नसतो. मला याचा राग येतो, खरंच येतो, कारण चांगल्या तंत्रज्ञानाला असल्या वाक्याची गरज नव्हती.

आता वजनकाटा.

मी आठवडाभर खरंच मोजलं. रोजचा ओला कचरा, सालं, देठं, उरलेलं, एका ताटलीत काढायचा, वजन करायचं, गच्चीवर जाळीखाली पसरायचा आणि कडकडीत वाळला की परत काट्यावर ठेवायचा. पहिल्या दिवशी वाळलेला ढीग बघून मला वाटलं वाऱ्याने अर्धा उडून गेला असणार. नव्हता गेला. १ किलोचे २०० ग्रॅमसुद्धा उरले नव्हते. बाकी सगळं पाणी. सुका कचरा त्यात मिळवून एकत्र हिशोब केला तरी जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं निघालं. वहीत ते आकडे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर तो केशरी गोल होता आणि त्यात मी पाणी ओतत होते.

मग सरांकडे बसून गणित केलं. १ टन कचऱ्यात अर्धं पाणी, म्हणजे ५०० किलो. खोलीच्या तापमानाचं १ किलो पाणी तापवून वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल लागतात. ५०० किलोला १,३०० मेगाज्यूल, म्हणजे ३६० युनिट उष्णता, आणि एवढी उष्णता घालून अजून कागदाचा एक तुकडाही मोडलेला नाही. ती वाफ भट्टीच्या तापमानापर्यंत तापवायला आणखी लागते. थोडी वाफ कामाची असते, तिच्यातला हायड्रोजन सिनगॅसमध्ये येतो, पण ती प्रतिक्रियासुद्धा उष्णता खाते, देत नाही.

“आता दुसरी बाजू बघ,” सर म्हणाले. बऱ्यापैकी सुक्या मिश्र कचऱ्यात किलोमागे १० मेगाज्यूल धरले तर टनामागे साधारण २,८०० युनिट ऊर्जा आहे. सिनगॅस करताना, तो धुताना आणि इंजिन चालवताना जे गळतं ते सोडून पाव हिस्सा विजेच्या रूपात हाती आला तर ७०० युनिट. त्यातून टॉर्च चालवायची, आणि टॉर्चला भट्टीच्या रचनेनुसार टनामागे शंभरेक युनिटपासून कित्येक शे युनिटपर्यंत वीज लागते. मग पंप, पंखे, ऑक्सिजन तयार करायचा प्लँट, वायू धुण्याची यंत्रणा. कचरा सुका आणि निवडलेला असेल तर हातात बरंच उरतं. ओला आणि मातीमिश्रित असेल तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि मग त्यांनी माझ्याच स्लाईडवर पेन्सिलने बाण काढला. उजवीकडच्या ‘वीज’ या चौकोनातून निघून, वळसा घेऊन, परत मधल्या गोलात येणारा. टॉर्चची वीज. ती आम्ही दाखवलीच नव्हती. आमच्या चित्रात प्लाझ्मा आपला आपण पेटत होता.

वीज ही ऊर्जेतली सगळ्यात महाग, सगळ्यात शुद्ध वस्तू. टॉर्चमध्ये घातलेलं १ युनिट उष्णता बनून सिनगॅसमध्ये शिरतं, आणि त्या उष्णतेची पुन्हा वीज करायला गेलं की जेमतेम तिसरा हिस्सा परत येतो. हे कुठल्या कंपनीच्या कौशल्यावर अवलंबून नाही, उष्णतेच्या इंजिनाचा स्वभावच तो. म्हणून ज्याला फक्त ऊर्जा हवी आहे त्याच्यासाठी प्लाझ्मा हा लांबचा रस्ता आहे, साधी चांगली भट्टी आणि वाफेचं टर्बाईन बऱ्याचदा तेवढीच किंवा जास्त वीज देतं. प्लाझ्माला निवडायचं ते मधल्या गोलात जे घडतं त्यासाठी, वीज त्यातून परत मिळाली तर चांगलंच.

हे समजल्यावर मी जगभरातल्या प्रकल्पांच्या गोष्टी वाचायला लागले आणि त्या मला एकाच प्रकारे दुखावत गेल्या.

सगळ्यात जास्त उतासिनाईची. जपानच्या होक्काइदो बेटावरचं, एकेकाळी कोळशाच्या खाणींवर जगलेलं, लोकसंख्येने देशातलं सगळ्यात लहान शहर. तिथे २००३ साली त्या काळातला जगातला सर्वात मोठा, असा कचऱ्याचा प्लाझ्मा प्रकल्प सुरू झाला. घरगुती कचरा आणि मोडीत काढलेल्या गाड्यांचा चुरा, म्हणजे लोखंड काढून घेतल्यावर उरलेलं फोम, रबर, प्लास्टिक, असं दोन्ही त्यात जायचं. त्याआधी योशीई आणि मिहामा-मिकाता इथे दिवसाला २०-२५ टनांचे छोटे प्रकल्प चालवून शिकून झालं होतं, म्हणजे घाई केली असंही म्हणता येत नाही. उतासिनाईचा प्रकल्प २०१३मध्ये बंद पडला, आणि त्याचं मोठं कारण होतं कचरा कमी पडला. गाड्यांमधून वस्तू परत मिळवण्याचं काम सुधारलं, चुरा कमी झाला, जो होता त्यावर दुसरे हक्क सांगणारे होते, आणि दिवसाला ठरावीक टनांसाठी बांधलेली भट्टी अर्धपोटी चालवणं परवडेना. कचरा संपवायला बांधलेलं यंत्र कचरा संपत आला म्हणून मेलं. मी हे वाक्य लिहिताना आताही थांबले. कारण ही त्या गावाची चूक नाही, भट्टीची पण नाही. अशी भट्टी बांधली की तिचं कर्ज २०-२५ वर्षांचं असतं, तेवढी वर्षं तेवढा कचरा येत राहील असा करार करावा लागतो, आणि मग गावातल्या लोकांनी निवडून, वापरून, दुरुस्त करून कचरा कमी केला की तोटा होतो. ज्या सवयीचं कौतुक व्हायला हवं तीच ताळेबंदात खड्डा पाडते.

इंग्लंडच्या ईशान्येला टीज व्हॅलीत एअर प्रॉडक्ट्स कंपनीने दोन प्रचंड प्रकल्प बांधायला घेतले, प्रत्येकी साधारण ५० मेगावॅटचे, वर्षाला प्रत्येकी साडेतीन लाख टन कचरा खाणारे. पहिला बांधून उभा राहिला पण नीट चालेना, २०१५च्या शेवटी दुसऱ्याचं काम थांबवलं आणि एप्रिल २०१६मध्ये कंपनीने या व्यवसायातूनच अंग काढून घेतलं, सुमारे १ अब्ज डॉलरचा फटका सोसून. कॅनडात ओटावाला प्लास्को कंपनीचा प्रकल्प २००७-०८पासून दिवसाला ८५ टनांचं स्वप्न बाळगून होता, फेब्रुवारी २०१५मध्ये कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. फ्लोरिडातल्या सेंट लूसी काउंटीत २००६ साली दिवसाला ३ हजार टनांची घोषणा झाली होती, मग ६०० टन, मग २०१२मध्ये काहीच नाही.

या गोष्टी वाचून लोक पटकन म्हणतात की सगळी फसवणूक होती. मला तसं वाटत नाही, माझं मत असं आहे की भट्टीला काय झेपतं आणि काय नाही हे लोकांनी मान्यच केलं नाही. प्लाझ्मा तापमानाने हरत नाही, तो हरतो रोजच्या रोज बदलणाऱ्या घासाने. आज ओला पाला, उद्या गादी, परवा पीव्हीसीच्या नळ्यांचा ढीग, प्रत्येक तासाला सिनगॅसचं मिश्रण वेगळं, आणि टर्बाईनला हवा असतो एकसारखा, स्वच्छ, डांबराचा अंशही नसलेला वायू. त्या सिनगॅसची ताकदसुद्धा नैसर्गिक वायूच्या तुलनेत बरीच कमी, हवा वापरली तर आणखी कमी. आतल्या भिंतीच्या उष्णतारोधक विटा वितळलेला स्लॅग हळूहळू खात असतो. टॉर्चचे इलेक्ट्रोड झिजतात, काही शे तासांनी बदलावे लागतात, आणि बदलायला भट्टी किंवा निदान ती टॉर्च थांबवावी लागते. छोट्या प्रकल्पात हे सगळं हाताने सांभाळता येतं. तेच पन्नासपट मोठं केलं की एक बारीक अडचण पन्नासपट होत नाही, तिची तऱ्हाच बदलते.

पण मग मी दुसऱ्या यादीकडे वळले, आणि तिथे मला माझा केशरी गोल परत मिळाला.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला मोर्सांक्स नावाचं गाव आहे. तिथे इनर्टाम नावाची कंपनी १९९०च्या दशकात प्लाझ्मा टॉर्चने ॲस्बेस्टॉस वितळवायला लागली. ॲस्बेस्टॉसचा धोका त्याच्या रसायनात कमी आणि आकारात जास्त आहे, सुईसारखे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन अडकतात आणि त्यातून वीस-तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होतो. जाळता येत नाही, कारण ते वापरलंच जायचं न जळण्यासाठी. पुरलं तर पुरलेल्या जागी कायमचं तसंच राहतं, पुढे कधी कुणी खणलं तर पुन्हा हवेत. वितळवलं की मात्र तंतूच राहत नाहीत, थंड होऊन काळा दगड होतो, त्याला कोफालिट म्हणतात, तो रस्त्याच्या पायाभरणीत टाकता येतो. अणू तेच, सिलिकॉन, मॅग्नेशियम, ऑक्सिजन, फक्त सुई उरत नाही. इथे कुणी विचारत नाही की किती युनिट वीज मिळाली. मिळत नाही, लागते, भरपूर लागते, आणि ती घालणं योग्य आहे.

स्वित्झर्लंडमध्ये व्युरेनलिंगेन इथे त्स्विलाग नावाचं केंद्र आहे, तिथे २००४पासून कमी किरणोत्सर्गी कचरा, हातमोजे, कपडे, फिल्टर, हत्यारं, पिंपासकट प्लाझ्मा भट्टीत टाकतात. किरणोत्सर्ग तिथे संपत नाही, वर लिहिलंय तसं गाभ्याला धक्का लागतच नाही, पण फुगलेल्या पिंपांच्या रांगेऐवजी थोड्या जागेत मावणारी घट्ट काच मिळते, जिच्यातून पाण्याबरोबर जवळजवळ काही झिरपत नाही. एवढंच पाहिजे होतं तिथे. नाश हा शब्द तिथल्या लोकांना वापरताच येत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांचं गणित चुकलं नाही.

ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेली प्लास्कॉन पद्धत ट्रान्सफॉर्मरमधल्या जुन्या पीसीबी या विषारी, क्लोरीनयुक्त तेलावर, कीटकनाशकांवर आणि फ्रीजमधल्या सीएफसी वायूंवर वापरली गेली. आर्गॉनच्या प्लाझ्मात द्रव किंवा वायू सोडायचा, काही मिलिसेकंदांत रेणूचे तुकडे, लगेच अल्कलीच्या फवाऱ्याने थंड करायचं, उरतं ते मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल कराराखाली सीएफसी नष्ट करण्याच्या ज्या मान्य पद्धती आहेत त्यांच्यात आर्गॉन प्लाझ्मा आर्क आणि नायट्रोजन प्लाझ्मा आर्क दोन्ही आहेत, आणि तिथली अट आहे ९९.९९ टक्के. जुन्या फ्रीजमध्ये असायचा त्या सीएफसी-१२ वायूचा १ किलो तापमानवाढीच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १० हजार किलोंइतका भारी आहे. असे सिलिंडर जगभर गोदामांमधून पडून आहेत, हळूहळू गळतायत. त्यांच्यासाठी टॉर्च पेटवली तर टॉर्चच्या विजेचा हिशोब कुणी मांडू नये, इतका तो छोटा आहे. पुण्याजवळच्या रांजणगावलाही प्लाझ्मा वापरला गेला तो धोकादायक औद्योगिक कचऱ्यासाठी, दिवसाला ७२ टन क्षमतेचा, आणि मला तीच दिशा बरोबर वाटते.

आणि एक जहाज. अमेरिकन नौदलाच्या जेराल्ड फोर्ड या विमानवाहू जहाजावर, जे २०१७मध्ये सेवेत आलं, माँट्रियलच्या पायरोजेनेसिस कंपनीची प्लाझ्मा यंत्रणा बसवलेली आहे. हजारो माणसं, महिनोन्महिने समुद्रात, प्लास्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय बंदी, आणि डेकवर जागा अजिबात नाही. तिथे आधी कचरा दळून कापसासारखा भुसभुशीत करतात आणि मगच टॉर्चसमोर सोडतात, म्हणजे घास बदलत नाही. मला हे फार आवडतं. बाकीच्यांनी टॉर्च मोठी केली, यांनी घास बारीक केला.

जागतिक बँकेने २०१८ साली मांडलेल्या आकड्यांनुसार जगात वर्षाला २ अब्ज टनांहून जास्त घनकचरा तयार होतो आणि २०५०पर्यंत तो ३.४ अब्जांवर जाईल. एवढ्यासाठी टॉर्च पुरवायला कुणी बसलं तर त्याच्या हाताशी माझी वही द्यावी असं वाटतं, तीच, गच्चीवरच्या वजनांची. ओलं वेगळं काढलं की त्याचं खत किंवा बायोगॅस होतो आणि त्याला १० हजार अंश लागत नाहीत, बॅक्टेरिया ते पस्तीस-चाळीस अंशांवर करतात. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून परत वापरला तर नव्याने धातू काढण्याच्या तुलनेत ९५ टक्के ऊर्जा वाचते, तो स्लॅगखाली घालवणं म्हणजे वाया घालवणं. कागदाचा धागा पाच-सात वेळा वापरता येतो. हे सगळं काढून झाल्यावर जो मूठभर ढीग उरतो, ज्याला कुणी हात लावू शकत नाही, ज्याच्याजवळ कुणी श्वास घेऊ नये, त्याच्यासाठी ही आग आहे.

गेल्या वर्षी कॉलेजमधल्या एका मुलीने मेसेज करून आमची जुनी फाइल मागितली, तिलाही हाच विषय घ्यायचा होता. पाठवण्याआधी मी उघडली. तीन चौकोन, एक गोल, तीन बाण. सरांनी पेन्सिलने काढलेला चौथा बाण छापील प्रतीवर होता, फाइलमध्ये कधी आलाच नव्हता. मी बसले आणि स्लाईड नव्याने केली. डावीकडच्या चौकोनातला कचरा हा शब्द पुसून तिथे ॲस्बेस्टॉस, पीसीबी, सीएफसी, हॉस्पिटलमधला संसर्गजन्य कचरा, फिल्टरची धूळ अशी नावं लिहिली. उजवीकडे काच, धातू, मीठ, वायू आणि कार्बन डायऑक्साइड. खालची ओळ काढून टाकली. आणि विजेचा बाण बाहेरून आत येणारा काढला, बाकी सगळ्या बाणांपेक्षा जाड.

सोबत तिला लिहिलं, घरी वजनकाटा आहे का?